महागाई कोणाची?

गाजराचा देठ उडवत लेक म्हणाली, "शिवाय तिकडे दूध महाग."

बाबांनी जुन्या पाकिटावर 'दूध' लिहिलं. उजवी बाजू लुळी पडल्यापासून ते डाव्या हाताने लिहीत, पण जन्मभर किराणा दुकान चालवलेल्या माणसाची कानावर पेन्सिल खोचायची सवय काही सुटली नव्हती.

लेक दातांच्या कवळ्या बनवायची. दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या लॅबने तिला दीडपट पगार देऊ केला होता आणि हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. जायची तर इतकी इच्छा की जेवण गोड लागत नव्हतं. म्हणूनच सकाळपासून ती तिकडच्या मैत्रिणीला फोन करकरून भाव विचारत होती. नाहीच म्हणायचंय, तर निदान हिशेबाने म्हणावं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, तसं हिला दूध महाग.

"अजून?"

"तळमजल्यावरच्या जागेला दुप्पट भाडं. मालिशवाली तर तिप्पट घेते."

"म्हणजे पगार वाढूनही हातात कमीच."

"तेच म्हणतेय. दुरून डोंगर साजरे, बाबा. नाही परवडत."

तिने गाजरं पातेल्यात लोटली. एवढं बोलून टाकलं की सुटल्यासारखं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

बाबा पाकिटाकडे बघत राहिले. दुकानात तराजूला कुणाचं नुसतं बोट लागलं तरी त्यांना कळायचं.

"दूध मी पितो," ते म्हणाले. "जिना मला चढवत नाही. मालिश माझी. पोरी, ही सगळी माझी महागाई झाली. तुझी कुठाय?"

"तुमचं-माझं वेगळं आहे का?"

"तुझी आत्या कधीची बोलावतेय मला. माझं भागेल तिकडे."

त्यांनी पाकीट उलटं केलं, कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली आणि गिऱ्हाइकाला विचारायचे तसं विचारलं,

"बोला ताई, काय काय देऊ?"

लेकीने तोंड उघडलं. स्वतःसाठी म्हणून काय लागतं, ते काही केल्या सुचेना. तिने गॅस बारीक केला, उगाच पुन्हा मोठा केला. डोळे भरून आले.

"चहा," ती म्हणाली.

बाबांनी लिहिलं. "आणि?"

"थांबा ना. आठवू द्या."