मेन पाट्याचा जोड

भिवाजी गेले आणि शेलूबाजारात त्यांच्या कौतुकाला ऊत आला. जिवंतपणी ज्यांनी त्यांना कधी साधं 'बसा' म्हटलं नव्हतं, ते आता त्यांच्याच ट्रकच्या कमानी बांधायच्या दुकानात त्यांच्याच खुर्चीवर बसून चहा पीत आणि "असा कमानवाला होणे नाही" म्हणून उसासे टाकत. त्यांची मुलगी स्नेहा ऐकून घेई. या लोकांसमोर रडण्याइतकी ती त्यांना मोठं मानत नव्हती.

सगळ्यांत लांब उसासा रामकिसनचा असे. भिवाजींच्या हाताखाली आपली उभी हयात गेली, असं तो सांगे. स्नेहाच्या आठवणीत त्याची हयात बरीचशी पानठेल्यावर गेली होती. आता त्याला दुकान चालवायला हवं होतं, पाटीवरचं नाव तसंच ठेवून.

"दादाचं नाव अमर राह्यलं पाह्यजे, ताई."

नाव अमर राहिलं की गिऱ्हाईकही अमर राहतं, एवढं स्नेहाला कळत होतं.

त्या सकाळी दौलतसिंगचा ट्रक निघायचा होता. मिलिटरीच्या लिलावातला, तिच्या जन्माआधीच फौजेतून निघालेला. भिवाजींनी त्याची कमान, चाकावरची पोलादी पाट्यांची स्प्रिंग, बांधायला घेतली आणि ते गेले. उरलेलं रामकिसननं पुरं केलं. मेडशीला हळद काढणाऱ्या बाया त्याच ट्रकची वाट पाहत होत्या.

या दुकानाचा एक रिवाज होता. ज्यानं कमान बांधली, त्यानं पहिल्या फेरीला मागं, बरोबर चाकावर बसायचं. खड्डे आधी त्यानं खायचे.

"चढा, रामकिसनभाऊ," स्नेहा म्हणाली.

"कंबर धरली ना, ताई. अन् आता कोन पाळते ते?"

"दादाचं नाव अमर करून राह्यले ना तुमी? मंग चढा."

दौलतसिंग खो खो हसला. रामकिसन मिशी कुरवाळत राहिला, पण जागचा हलला नाही. एरवी फुकटच्या फेरीला तो सगळ्यांच्या आधी चढायचा.

स्नेहा ट्रकखाली वाकली. एका बाजूच्या कमानीवर काळं तेल असं थापलं होतं, जसं काही पाट्यांना औषधच लावलंय. तिनं चिंधीनं पुसलं. सगळ्यांत वरच्या, मेन पाट्याचं टोक जिथं पिनेभोवती वळतं, त्याच्या अलीकडे ग्राइंडरनं घासलेला पट्टा निघाला. वेल्डिंग. मेन पाटाच अ‍ॅक्सलला जागेवर धरतो. कमानीचं पोलाद जोडलं की जोडाजवळ कडक होतं आणि न सांगता तुटतं. मग गाडी आडवी फिरते. हे तिला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं होतं.

ती उठली. भातात झुरळ दिसावं तशी तिनं रामकिसनकडे नजर टाकली.

"बाबाच्या दुकानात जोडलेला मेन पाटा? गाडीत बाया बसतीन. लाज नाई वाटली तुमाले?"

बोलला दौलतसिंग.

"त्याले काहून बोलतं, बाई? भिवाजीदादानं सोताच्या हातानं जोडला, माह्यासमोर. म्हने, या गाडीचा पाटा आता भेटत नाई, अन् नागपूरच्या भंगारात हिंडनं माह्याच्यानं होत नाई. जोडून देतो, चालते. दादा चालते म्हनला म्हंजे चालते!"

रामकिसन जवळ सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "म्हनूनच तेल फासलं म्या. मेलेल्या मानसाले नावं ठेवतीन लोकं. अन् दुकान त्याच्याच नावावर चालते. कायले उकरता, ताई?"

मेलेल्या माणसाची काळजी एका वाक्यात संपली, दुसऱ्यात दुकान आलं. स्नेहाला त्याची किळस आली. पण जोड त्याचा नव्हता. इतके दिवस तिनं तिरस्कार सगळ्यांना सारखा वाटून दिला होता. एका माणसाला तेवढं वगळलं होतं.

दौलतसिंग केबिनमध्ये चढला. ती गप्प राहिली असती तर पाटीवरच्या नावाला धक्का लागला नसता. ती ट्रकच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"काका, उतरा. गाडी जानार नाई."

"अवं पन दादानं—"

"बाबा चुकले." आत चहा पिणाऱ्यांना ऐकू जाईल, एवढ्यानं ती म्हणाली. "त्यायनं नाई जोडाले पाह्यजे होतं. हा पाटा तुटते."

"पोटची पोरगी असून बापाले असं बोलतं?"

"हो."

दौलतसिंगनं किल्ली काढली आणि दार आदळलं. "बायांले काय सांगू मी आता?"

"सांगा, भिवाजीच्या पोरीनं गाडी अडवली."

आतून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे भिवाजीबी जोडच मारत होता म्हना की." आवाजात दुःख नव्हतं, बरेच दिवस अडकलेला ठसका सुटावा तसा तो मोकळा झाला होता. लगेच कोणीतरी त्याची री ओढली.

"रामकिसनभाऊ, जॅक आना," स्नेहा म्हणाली आणि तो पाटा उतरवायला ट्रकखाली शिरली. तेलानं पाना हातातून निसटत होता. तिनं पान्याला चिंधी गुंडाळली आणि पहिला नट सैल होईपर्यंत बाहेर पाहिलं नाही.