आईला फोन लाव

कॉलेजच्या पोरांना बास्केटबॉल शिकवणं आणि व्यावसायिक संघाला शिकवणं यात फरक काय, असं परवा एका वार्ताहर बाईने मला विचारलं. मी म्हटलं, इकडे सामने जास्त, सराव कमी. तिने मन लावून लिहून घेतलं. डोंबल!

चांगला खेळाडू आमच्या कॉलेजात यावा म्हणून आम्ही पोराच्या आधी त्याच्या आईला जिंकायचो. लाइल हॅचर मुख्य कोच, आणि मी, डेल पेनिंग्टन, त्याचा मदतनीस, बावीस वर्षांचं शेपूट. केंटकीहून गाडी हाणत अलाबामातल्या कुठल्या तरी खेड्यात जायचं, स्वयंपाकघरात बसायचं, वाढतील तितकं खायचं आणि म्हणायचं, "तुमचा मुलगा तो आमचा मुलगा." टेव्हिन बोयकिनच्या घरी मी सात वेळा जेवलो. त्याची आई, जिला सगळे आदराने मिस ओलेथा म्हणत, शाळेची बस चालवायची. सातव्या वेळी माझ्या ताटात मक्याच्या पावाचा, कॉर्नब्रेडचा, चौथा तुकडा टाकत ती म्हणाली, "कोच, याला बाप नाही. फाजीलपणा करायला लागला तर सरळ मला फोन कर. चामडी लोळवते त्याची."

आम्ही चार वर्षं तेच केलं. वर्गाला दांडी मारली, आईला फोन. सरावात तोंड वाकडं केलं, आईला फोन. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला हा पावणेसात फुटी गडी खालमानेने हजर! त्याच्या पाठीवर थाप मारताना आम्हीच त्याला वाढवतोय असं वाटायचं. तेव्हा मला ते खरं वाटायचं, शपथेवर सांगतो.

चार वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका व्यावसायिक संघाने हॅचरला उचललं. शेपूट आपोआप आलं. पहिल्याच आठवड्यात एक जण सरावाला पाच मिनिटं उशिरा आला, तर हॅचर गरजला, "पळ! वीस फेऱ्या!" तो माणूस बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. तो खुर्चीत बसला, घोट्याला बर्फ बांधला आणि म्हणाला, "लाइल, शांत हो जरा. रक्तदाब वाढेल." सगळे खो खो हसले. कॉलेजात कोच म्हणजे बाप. इथे तो भाडेकरू, आणि घर खेळाडूंचं. हॅचरला हे कधी कळलंच नाही. मला कळलं, पण मी गप्प बसलो, कारण माझा पगार त्याच्या शब्दावर होता.

मागच्या वर्षी टेव्हिन आमच्या संघात आला. एकतीस वर्षांचा झाला होता. बाकीचे मला 'ए डेल' म्हणायचे, हा एकटा अजून 'कोच' म्हणायचा. संघाने त्याच्यासोबत तीन वर्षांचा नवा करार ठरवला होता. त्याच्या वयाला हा शेवटचाच. कागद तयार होते, फेब्रुवारीत सही व्हायची होती.

जानेवारीत तो अंग राखून खेळायला लागला. उडी मारायची तिथे थांबायचा, पडलेल्या चेंडूकडे नुसता बघायचा. आम्ही लागोपाठ आठ सामने हरलो. हॅचरने मला खोलीत बोलावलं.

"आईला फोन लाव."

"अरे, एकतीस वर्षांचा बाप्या आहे तो!"

"लाव म्हणतो ना."

लावला.

"कोच! जेवलास का?" मिस ओलेथाचा पहिला प्रश्न. मग तिने तिच्या कंबरेचं ऑपरेशन सांगितलं, गोळ्यांची नावं सांगितली. मी टेव्हिनचा विषय काढला.

"त्याने शपथ घातलीये मला," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तू घरचा. त्याच्या डाव्या गुडघ्यात काही उरलेलं नाही रे. बाहेरगावच्या डॉक्टरला गुपचूप दाखवलं. सही होईपर्यंत कसंबसं ओढायचं म्हणतो. तू त्याला दोन-चार दिवस बसव, कुणाला कळू न देता. करशील ना?"

"करतो, मिस ओलेथा. काळजी सोडा."

फोन ठेवला तर हॅचर समोरच उभा. "काय म्हणाली?"

आईची आठवण येतेय त्याला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बावीस वर्षं या माणसाने 'काय म्हणाली' विचारावं आणि मी सगळं ओकावं, हीच सवय. ओकलो. वर म्हणालो, "त्याला जरा विश्रांती देऊ या." कॉलेजात दिली असती. हॅचर तडक जिन्याने वर, मालकाच्या माणसांकडे गेला. त्यालाही नोकरी टिकवायची होती.

दुसऱ्या दिवशी संघाच्या डॉक्टरने टेव्हिनचा गुडघा तपासला. कराराचे कागद कपाटात गेले. आठवडाभरात त्याला संघातून मोकळं केलं आणि गुडघ्याची बातमी सगळ्या संघांपर्यंत पोहोचली. मग त्याला विचारतंय कोण!

तो सामान भरत होता तेव्हा मी गेलो. जायला नको होतं.

"कोच, ही गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली होती," तो म्हणाला. "आईला. तुमचं तिच्याशी बोलणं झालं होतं?"

"झालं होतं. तिच्या कंबरेबद्दल."

"बाकी काही नाही?"

"नाही."

त्याने माझा हात हातात घेतला आणि आभार मानले. माझी मलाच शिसारी आली. तरी मी हात सोडवला नाही.

महिन्याने मिस ओलेथाचा फोन आला. 'जेवलास का' नाही, काही नाही.

"टेव्हिन माझा फोन उचलत नाही. मी गावभर बोंबलले म्हणतो. मी म्हटलं, फक्त कोचला सांगितलं. तर म्हणतो, कोचना कशाला मध्ये आणतेस? मला खरं सांग. मी तुला गुडघ्याचं बोलले होते ना?"

मी कबूल केलं असतं तर तिला तिचा मुलगा मिळाला असता. माझं काय गेलं असतं? एका माणसाच्या तोंडी माझ्यासाठी असलेला 'कोच' हा शब्द. बस.

"नाही, मिस ओलेथा. तुम्ही कंबरेचं सांगितलंत. गुडघ्याचा विषयच निघाला नाही."



"मला तर चांगलं आठवतंय... त्या गोळ्यांनी डोकं जड असायचं खरं. मग कुणाजवळ बोलले मी? चर्चमध्ये?"

"असेल. होतं असं, वय झालं की."

"देवा! माझ्याच तोंडाने पोराचं वाटोळं केलं." ती रडायला लागली. मग नाक ओढत म्हणाली, "कोच, एवढं कर. त्याला सांग, आई म्हातारी झालीये, तिला माफ कर. तुझं ऐकतो तो."

"सांगतो," मी म्हणालो.