आम्रपालीचे बोलणे आणि मी राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. भिलाईच्या सेक्टर १० मधल्या एका क्वार्टरमध्ये टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेला असतो. इथल्या इंटरनेटवाल्याकडे कामाला असलेल्या नरहरीने मला बसवले. माझे दिवे पहिल्यांदा लागले तेव्हा घरच्या टिकारामजींनी शेजारी पेढे वाटले होते! पुढे कौतुक ओसरले. नेट अडकले की चापट्या तेवढ्या मिळत.

टिकारामजी स्टील प्लांटमध्ये आहेत. त्यांच्या मुलीचे, आम्रपालीचे, लग्न जवळच्याच जामुल गावच्या राजदीपशी ठरत होते. रक्ततपासणीत तिला कळले की ती सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची वाहक आहे. तिला त्रास काहीच नाही. पण राजदीपही वाहक निघाला तर मुलांना आजार होऊ शकतो. ती रोज मोबाईलवर त्याबद्दल वाचायची. रविवारी रिपोर्ट दाखवून त्याला स्वतः सांगायचे, तुम्हीही तपासून घ्या म्हणायचे, असे तिने ठरवले होते.

पण ती कुठल्या साइटवर जाते, ती नावे माझ्यातूनच इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात जात. आत काय वाचले ते कुलूपबंद, नाव मात्र उघडे. नेट हळू चालते म्हणून टिकारामजींनी तक्रार केली, नरहरीने यादी काढली, तीत सिकलसेलच्या साइट्सची नावे पाहिली आणि हे लग्नाच्या मुलीचेच असणार असे परस्पर ठरवले. शुक्रवारी तो दारात हजर.

“काकाजी, पोरीले सिकलसेल आहे, मंग कावून नाही सांगितलं? जामुलवाले माझ्या ओळखीचे. मी त्यांच्या कानावर घातलं. भल्यासाठीच.”

संध्याकाळी जामुलहून फोन आला. तुम्ही लपवलं, असे म्हणून त्यांनी बोलणी मोडली.

“मी रविवारी सांगणारच होती, बाबा,” आम्रपाली म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

मग तिची मैत्रीण खुशबू आली आणि तिने मोबाईलवर व्हीपीएन, म्हणजे कुठल्या साइटवर जातो ते झाकणारे अ‍ॅप, टाकून द्यायला घेतले.

“फुकटवाला मत ले यार. इंटरनेटवाल्याले नाही दिसत, पण व्हीपीएनवाल्याले दिसू शकते. भरवशाचा पाहून घे.”

आता माझ्यातून बंद पाकीट जाते. ते व्हीपीएनवाल्याकडे चालले एवढेच नरहरीला दिसते, पुढचा पत्ता दिसत नाही. मलाही दिसत नाही, आणि तेच बरे आहे.

टिकारामजी मात्र चिडले. “आता काय लपवून राहिली तू?”

“लपवून नाही राहिली, बाबा. माझं आहे, तर मीच सांगीन ना.”

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण कुणाचे दुखणे तुम्हाला आडून कळले, तर ते पोटात ठेवा. ज्याचे त्याला सांगू द्या. आम्रपालीचे सांगायचे राहूनच गेले.