कोठारावरचं नाव

वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचायची हेमचंद्रांना जुनी खोड. तंबू गाडीत टाकून मार्कहॅमचं घर सोडलं त्याला सहा दिवस झाले, सस्कॅचवनचा सपाट प्रांत आला, पण या माणसाने एक पाटी सोडली असेल तर शपथ. नीलिमा पस्तीस वर्षांच्या सवयीने नुसती ‘हं’ म्हणत होती.

रिटायर झाल्यावरची ही पहिली मोठी सहल, दोघांचीच. गवताच्या टेकड्या, दरीतले मातीचे सुळके, चार घरांची गावं बघत थेट रॉकीजच्या डोंगरांपर्यंत जायचं होतं.

त्या सकाळी तंबू गुंडाळून निघाले. तासाभराने धान्याचं उंच लाकडी कोठार दिसलं. इकडे गावाआधी कोठार दिसतं आणि गावाचं नाव त्याच्यावरच रंगवलेलं असतं.

“एल्सबी,” हेमचंद्र म्हणाले. “बघ, केवढ्या अक्षरांत लिहिलंय.”

नीलिमाने सहज मान वर केली. कोठाराला नवा लाल रंग दिला होता. त्यावर एक अक्षरही नव्हतं.

रोज संध्याकाळी तंबूबाहेर भिंग घेऊन नकाशात डोकं घालून बसायचे ते हे गावांच्या नावांचं पाठांतर होतं तर! आणि ती मात्र त्यांना कौतुकाने चहा नेऊन देत होती.

“अहो, गाडी बाजूला घ्या.”

गावातल्या बंद दुकानासमोर गाडी थांबली.

“त्या कोठारावर काही लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “कधीपासून दिसत नाही?”

हेमचंद्रांनी इंजिन बंद केलं.

“मार्चपासून. मधोमध धूसर दिसतं. डॉक्टरने ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलंय. तुला बोललो असतो तर तू सहल कॅन्सल केली असतीस. आणि इथे रस्ता सरळ आहे गं, समोरून कोण येतंय?”

“आणि आलं असतं म्हणजे?”

नीलिमाला इतका संताप आला की रडूच फुटलं. मग तिने नाक पुसलं, खाली उतरली, वळसा घालून त्यांच्या दारापाशी आली आणि हात पुढे केला.

“किल्ली द्या.”

“नीलू, तू ग्रोसरीपलीकडे कधी गाडी नेली नाहीस. हायवेची भीती वाटते तुला.”

“वाटते ना,” ती म्हणाली. “पण मला दिसतं.”