भोरडीच्या कपाळावरचं पिवळं

नवरीच्या कानामागं राहिलेली हळद. पुसली.

भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरतो तेव्हा आधी आवाज येतो, पक्षी मागून दिसतात.

नवरदेवाच्या मामाचा मिटलेला डोळा. शेजारच्या फोटोतला उघडा आणून बसवला. मामा खूष.

पळसाच्या फुलांचं पाणी अंगावर घेतलं तर उन्हाळा बाधत नाही. हे सासूबाई, सरस्वतीबाई, दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगतात.

आहेराच्या फोटोत मागं दिसणारा गॅस सिलेंडर. तिथं गुलाबाचं झुडूप.

कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं आहे. पुसायचं का? हो.

उघडा

धाड गावात बाजाराच्या रस्त्यावर हरिओम सपकाळचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाला जाऊन फोटो काढतो तो हरिओम. ते फोटो कॉम्प्युटरवर साफ करून त्यांचा अल्बम लावते ती त्याची बायको, रुपाली. लग्न झालं तसं हरिओम घेऊन येतो, व्हायला पाहिजे होतं तसं रुपाली करून देते. घाम जातो, डाग जातात, मांडवातला पंखा जातो, रुसलेली आत्या हसायला लागते. पंचक्रोशीत नाव आहे ते स्टुडिओचं. अल्बमच्या शेवटच्या पानावर ते सोनेरी अक्षरांत छापलेलं असतं. रुपालीचं कुठंच नसतं. दुसऱ्याच्या तोंडावरचा घाम पुसणाऱ्या बाईनं सही करायची तरी कुठं?

पण गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमाराला काम थोडं सैल होतं, आणि हरिओमचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. रुपाली तो गळ्यात अडकवून सासऱ्यांच्या, म्हणजे रंगरावांच्या शेतात गेली. बांधावर एक वाकडा पळस आहे. अंगावर पान एक नाही, नुसती केशरी फुलं. त्यावर भोरड्या उतरल्या होत्या. काळं डोकं, काळे पंख, आणि मधलं अंग धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं फिकट गुलाबी. एकीनं फुलात चोच घातली आणि रुपालीनं बटण दाबलं.

घरी येऊन तिनं तो फोटो साफ केला आणि बुलढाण्याच्या एका पक्षिमित्र मंडळाला पाठवून दिला. मंडळ पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढणार होतं.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी मंडळाच्या ज्ञानेश्वर सरांचा फोन आला.

“मॅडम, तुमचा फोटो मार्चच्या पानावर घेतोय. खाली नाव काय टाकू?”

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “रुपाली सपकाळ. धाड.”

“छान. आता एक करा. कॅमेऱ्यातली मूळ फाईल पाठवून द्या. सगळ्यांनाच मागतो आपण ती. उजेड कमी-जास्त केला, कडा कापल्या तर चालतं, जोडकाम चालत नाही. धुळवडीपर्यंत द्या, मग निवड बंद.”

“हो सर,” म्हणून तिनं फोन ठेवला. मूळ फाईल तिच्याकडं नव्हती.

पुसा

स्टुडिओची रीत अशी की एक फोटो, एक फाईल. साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच जतन करायचा. एकेका लग्नात ढिगानं फोटो, दोन-दोन ठेवायचे कुठं? आणि हळदीनं माखलेली, घामेजलेली नवरी ठेवून ती पाहिजे कोणाला? राहिलं कॅमेऱ्यातलं कार्ड. ते तर हरिओम त्याच आठवड्यात पुसून जानेफळच्या साखरपुड्याला घेऊन गेला होता.

फोटोत होतं ते: एक भोरडी, तीन फुलं, भोरडीच्या छातीवरून आडवी गेलेली काडी, मागं विजेची तार, कपाळावर काहीतरी पिवळं.

फोटोत राहिलं ते: एक भोरडी, चार फुलं.

चौथं फूल तिनं दुसऱ्या फोटोतल्या फांदीवरून उचलून आणलं होतं, चोचीसमोर रिकामं वाटत होतं म्हणून. लग्नाच्या अल्बममध्ये रिकामी जागा ठेवली की लोक विचारतात, इथं काय राहिलं? तार काढली, काडी काढली. आणि ते पिवळं तर तिनं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. पिवळा डाग दिसला की तिचा हात आपसूक जातो. नवरीच्या भुवईतली हळद तशी भोरडीच्या कपाळावरची, एका टिचकीत साफ. डोकं कसं काळंभोर, तेल लावून बसवल्यासारखं.

आता फोटो मोठा करून पाहिला तेव्हा चोचीखाली एक पिवळा कण सुटून गेलेला दिसला. ते पराग होते. फुलात डोकं खुपसलं की लागणारे.

“मंग लाव ना परत,” सगळं ऐकून हरिओम म्हणाला. तो चहा बशीत ओतत होता. “हळद काढता येते तं लावता बी येते. तुयासारखी कोणाले जमत नाई.”

“अन् काडी?”

“काडी बी लाव. पळसाले काय काड्याईचा तोटा हाय?”

“त्याईनं मूळ मागतलं हाय. मूळ म्हणून कसं देऊ?”

“अवं, तू केलेलं पाहून नवरीची माय फसते. ते सर तं भोरडीचे कोणीच लागत नाईत.”

रुपालीला हसू आलं, आणि हसता हसता तिनं ब्रश उचललाही.

मागे जा

तार परत आली, काडी परत आली, आणलेलं फूल जिथलं तिथं गेलं. हे सगळं तिला जमलं, कारण या वस्तू काढताना तिनं त्या बघून काढल्या होत्या. मग पिवळ्याची पाळी आली. मऊ ब्रश, हलका हात. कपाळाच्या मधोमध एक गोल उमटला. छान दिसला, पण जरा जास्तच छान दिसला. पुसला. डावीकडं थोडं लावलं. पुसलं. उजवीकडं लावून पाहिलं.

“तुमाले ठाव हाय का,” तिनं हरिओमला विचारलं, “ते पिवळं कोण्या बाजूनं व्हतं?”

“मले काय ठाव? म्या पाह्यली का तुयी भोरडी?”

“म्या बी नाई पाह्यली,” रुपाली म्हणाली.

हरिओमनं बशी खाली ठेवली. तिच्या आवाजात काय होतं ते त्याला कळलं नाही, पण पुढं चेष्टा करायची नाही एवढं कळलं. ती ज्या फोटोखाली स्वतःचं नाव लावणार होती, त्यातला पक्षी तिनं पाहिलेलाच नव्हता. पुसताना हात पुढं होता आणि डोळे मागं राहिले होते.

तिनं लावलेलं सगळं काढून टाकलं. मग फाईलही काढून टाकली.

“आता काय करतं?” हरिओमनं विचारलं.

“सकाळी शेतात जातो.”

“सकाळी होळी हाय. साऱ्या बाया अन् पोट्टे फुलाईवर तुटून पडतीन. मायच टोपलं घेऊन जाते, माहीत नाई का तुले? तसाबी पळस झडाले लागला.”

“म्हणून तं लवकर जातो,” ती म्हणाली.

पुन्हा काढा

लवकर म्हणजे सासूच्या आधी, असा तिचा हिशेब होता. तो चुकला. ती बांधावर पोचली तेव्हा सरस्वतीबाई टोपलं आणि फांद्या ओढायची आकडी घेऊन पळसाखाली उभ्या होत्या.

“आत्याबाई, आजच्या दिवस फांद्याईले हात लावू नका.”

“कायले?”

“भोरड्याईचा फोटो काढाचा हाय.”

सरस्वतीबाईंनी आकडी खाली टेकवली. “भोरड्याईचा? अवं, जनम गेला माया त्याईले गोफणीनं हाकलण्यात. वावरातल्या माळ्यावर उभी राहू राहू घसा बसला. त्या चोट्ट्याईचा फोटो कायले पाह्यजे? ठाण्यात द्याचा हाय का?”

“कॅलेंडरात द्याचा हाय. खाली मायं नाव येणार हाय.”

“स्टुडिओचं?”

“मायं.”

सरस्वतीबाईंनी सुनेकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं. मग आकडी बांधाला आडवी ठेवली आणि खाली बसून पडलेली फुलं वेचून टोपल्यात टाकायला लागल्या. “रंगाले पडलेलं फूल बी चालते,” त्या म्हणाल्या. हे त्यांनी याआधी कधीही मान्य केलं नव्हतं.

भोरड्या आल्या. रुपालीनं कॅमेरा डोळ्याला लावला, पाय सरकवला, वाळलेला पाला वाजला आणि अख्खा थवा भुर्रकन उडाला.

“गेल्या,” ती म्हणाली.

“जातेत कुठं? म्या जलमभर हाकलल्या. एक चक्कर मारतेत अन् तेथंच येतेत. मायी गोफण थकली, त्या नाई थकल्या. तू बस गपचीप.”

रुपाली बसली. कॅमेरा मांडीवर. समोर ऊन चढत होतं, पलीकडच्या मक्यात कुणीतरी पाणी सोडत होतं, सरस्वतीबाईंच्या टोपल्यात एकेक फूल पडत होतं. भोरड्यांनी एक चक्कर मारली, मग आणखी एक. तिसऱ्या वेळी त्या उतरल्या आणि झाड बोलायला लागलं. भांडण, कलकल, एकीच्या फुलात दुसरीची चोच.

या वेळी तिनं कॅमेरा उचलला नाही. आधी नुसतं पाहिलं.

पिवळं डावीकडं नव्हतं आणि उजवीकडंही नव्हतं. चोचीच्या बुडापासून वर कपाळावर चढलेलं होतं, खाली गळ्यावर उतरलेलं होतं, मधेच पिसं चिकटून त्याच्या बारीक काड्या झालेल्या. एकीचं सगळं तोंड भरलेलं. दुसरीला नावालाही नाही, ती बहुतेक नुकतीच आली असावी. तिसरी चोच फांदीवर घासत होती आणि तिच्या पुसण्यानं ते आणखीच पसरत होतं.

“पाह्य तं,” सरस्वतीबाई हळूच म्हणाल्या, “लेकरानं वरण खाल्ल्यावानी थोबाड करून ठेवलं.”

त्यांच्या आयुष्यातली बहुधा ही पहिलीच वेळ, भोरडीकडं बघून हात दगडाकडं गेला नाही.

तोंड भरलेली भोरडी खालच्या फांदीवर आली. रुपालीनं कॅमेरा लावला. सवयीनं तिनं पक्षी मधोमध घेतला, नवरा-नवरी घेतात तसा. मग जरा बाजूला सरकवला, जिकडं ती बघत होती तिकडं जागा सोडली. त्या जागेत काहीच नव्हतं. नुसतं सकाळचं पांढुरकं आभाळ. छातीवरून एक काडी आडवी जात होती. रुपाली काडी चुकवायला वाकणार, तेवढ्यात भोरडीनं फुलात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि मान झटकली. पिवळी भुकटी उडाली.

रुपालीनं बटण दाबलं.

जतन करा

घरी आल्यावर तिनं आधी फोटोची दुसरी प्रत केली. स्टुडिओत असं कधी होत नाही, त्यामुळं हरिओम येऊन मागं उभा राहिला.

मान जरा हललेली होती. शेपटीवर दुसऱ्या भोरडीचा पंख आलेला. पण कपाळ स्वच्छ दिसत होतं, म्हणजे अजिबात स्वच्छ नव्हतं.

“ते काडी काढ,” हरिओम म्हणाला.

“तिची हाय.”

“कोणाची?”

“भोरडीची. ते काडीच्या मागंच बसली व्हती.”

“अन् इकळे एवढं रिकामं?”

“तिकळं ते पाहून राह्यली ना.”

हरिओमनं त्या रिकाम्या आभाळाकडं बराच वेळ पाहिलं. “हाव,” तो शेवटी म्हणाला, “पाहून तं राह्यली.”

रुपालीनं डावीकडची कड थोडी कापली, सावलीतला उजेड थोडा वाढवला आणि हात मांडीवर ठेवून दिले. हातांना ते जड गेलं. मग तिनं मूळ आणि प्रत अशा दोन्ही फाईली पाठवल्या आणि खाली लिहिलं: सर, पहिल्या फोटोत मी जोडकाम केलं होतं. कपाळावरचे पराग डाग समजून पुसले, मूळ ठेवलं नाही. तो घेऊ नका. हा आज सकाळचा आहे. चालला तर बघा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा काढीन.

उत्तर धुळवडीच्या दिवशी आलं. तेव्हा तिचे हात पळसाच्या रंगानं केशरी झालेले होते, म्हणून फोन हरिओमनं तिच्यापुढं धरला. सरांनी लिहिलं होतं: पहिला जास्त देखणा होता. हा ठेवतोय.

कॅलेंडर आता घरात लागलं आहे. सरस्वतीबाई आल्यागेल्याला मार्चचं पान उलटून दाखवतात आणि सांगतात, ही आमच्या ज्वारीची चोट्टी, आणि हे आमच्या सुनेचं नाव. स्टुडिओत दोन नवरींनी या हंगामात फोटोतली हळद पुसू नका म्हणून सांगितलं. त्यांना हे रुपालीनंच सुचवलं होतं.

पळस त्या वर्षी होळीनंतरही पंधरवडाभर फुलत होता.