चारची मिस्सा

पापडी गावच्या मेलरॉयने २००१ साली केळीच्या बागेवरून केबल टाकून आपलं घर युजीनच्या छापखान्याला जोडलं. अंतर जास्त, म्हणून मध्ये थॉमसमामाच्या पडवीत एक जुना कॉम्प्युटर बसवला. फायली पाठवायचा प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला. त्यात चेकसम मात्र ठेवला नाही. चेकसम म्हणजे फायलीच्या प्रत्येक तुकड्यातल्या, म्हणजे पॅकेटमधल्या, आकड्यांची बेरीज सोबत पाठवायची आणि पोचल्यावर ती जुळते का बघायचं.

“वायरवर प्रत्येक पॅकेट तपासलं जातंच. परत कशाला?” तो म्हणाला.

“वायरवर तपासतात रे. मामांच्या पडवीतल्या त्या डब्याच्या आत काय होतं ते कोण बघणार?” सुरुची म्हणाली. ती त्याची कॉलेजची मैत्रीण, नालासोपाऱ्याची. अंधेरीला नेटवर्कच्याच नोकरीत होती.

“आत काय होणार? फार तर झुरळं शिरतील.”

मग बहिणीचं, ॲनिशाचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर, चर्चमधल्या मिस्सेच्या म्हणजे लग्नविधीच्या वेळेसकट, त्याच वाटेने छापखान्यात गेला. पत्रिका छापून घरोघर वाटूनही झाल्या, आणि आईला चर्चच्या फादरांचा फोन आला. “बेटीबाय, मिस्सा चारची ठरलीय ना? पत्रिकेत पाच कसे? पाचला माझं दुसरं लग्न आहे!”

मेलरॉय तणतणत युजीनकडे गेला.

“मी एक अक्षर टाइप केलेलं नाही,” युजीन म्हणाला. “आलं तसं छापलं.”

सुरुचीने तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवून पाहिली. बहुतेकदा ठीक, मध्येच एखादं अक्षर वेगळं. मामांच्या डब्याची मेमरी बिघडली होती. कॉम्प्युटरच्या लेखी 4 आणि 5 मध्ये एकाच बिटाचा फरक. डब्यात चारचे पाच झाले आणि पुढच्या वायरने बिचारीने ते पाच अगदी बिनचूक पोचवले.

“आता स्कूटर काढ,” आई म्हणाली. “घरोघर जा. नुसतं सांगून येऊ नको, प्रत्येकाकडून परत वदवून घे.”

सुरुची मागे बसली. फ्लॉसीमावशीला कमी ऐकू यायचं.

“मावशी, मिस्सा चारला! किती वाजता?”

“चौघं येऊ? बरं, येतो की.”

“चार वाजता!”

तिसऱ्यांदा जमलं. सुरुचीला हसू आवरेना. “मेलरॉय, हे जे तू करतोयस ना, त्याला काय म्हणतात?”

“गप्प बस.”

लग्नाला चारच्या ठोक्याला चर्च भरलं. संध्याकाळी मांडवात मेलरॉय सुरुचीला सांगत होता, “चेकसम घातलाय मी. पण मेमरी चांगली असली तर गरज नाही.”

“चांगली आहे हे न तपासता कळणार कसं?”

“तुम्ही दोघं नाचताय की जाताय?” पांढरा गाऊन सावरत ॲनिशा ओरडली.

दोघं नाचायला गेले. भांडण तिथेही चालूच होतं.