टपावरची फुलं

शनिवारी सकाळी इसूफनं टपावरून तळहात फिरवला. तळव्याखाली फुलं लागली. एक नाही, दोन नाही, ओळीनं फुलं, मधे पानं, कडेला नक्षीची पट्टी. अख्खी सोलापुरी चादर त्या पांढऱ्या रंगात उमटली होती.

टप म्हणजे मानसिंगरावांच्या जीपचं फायबरचं छत. बोल्ट सोडले की सुटं होतं, उन्हाळ्यात उतरवून कापडी चढवता येतं. सांगोल्याला त्यांची डाळिंबाची बाग, बांधाला बाभळी, आणि मानसिंगराव गाडी हाणणार ती बाभळीतूनच. दोन्ही बाजूंना ओरखडेच ओरखडे. आठ दिवसांपूर्वी टप इसूफच्या गाड्या रंगवायच्या शेडमध्ये उतरवून ते म्हणाले होते, "इसूफभाई, रविवारी आईला अक्कलकोटला न्यायचंय. शनिवारी पाचला येतो." इसूफ म्हणाला होता, "या की, तयार ठेवतो."

आणि ठेवला होताही. ओरखड्यांत पुट्टी भरली, घासली, गुरुवारी वरचा पांढरा हात मारला. शुक्रवारी आतली कड रंगवायची म्हणून टप उलटा करायचा होता. शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमधून हेमावती आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या, सगळ्यांनी मिळून तो उचलला आणि खाली चादर अंथरून तिच्यावर पालथा घातला. त्या गल्लीत तान्ह्या बाळापासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं चादरीवरच ठेवतात, त्यात कुणाला काय वाटणार? आज सकाळी त्याच बायकांनी टप सुलटा करून दिला आणि त्या घाईनं मागावर पळाल्या. रंग कडक असता तर काही झालं नसतं. पण रंग कच्चा होता, वरून पत्र्याच्या शेडमधला उकाडा.

कच्चा का होता, ते इसूफला पक्कं ठाऊक होतं. रंग कडक व्हावा म्हणून त्यात घालतात तो हार्डनर कमी पडला होता. मापाच्या ग्लासावरच्या रेघा त्याला दिसल्या नव्हत्या आणि त्यानं अंदाजानं ओतलं होतं.

दोन वर्षं झाली. डोळ्यांच्या डॉक्टरकडं तो एकटाच गेला होता. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर येत नाही, उरलेली सांभाळा. कागद त्यानं प्रायमरच्या रिकाम्या डब्यात लपवला. औषधाचे थेंब संडासची कडी लावून डोळ्यांत घालायचा. बाजूचं सगळं आता गेलं होतं. समोरचं दिसायचं तेही नळीतून बघितल्यासारखं, आणि पांढऱ्यावर पांढरं तर दिसायचंच नाही. बायकोला सांगितलं नाही, पोराला तर नाहीच. कसं सांगणार? पोरगा उमर, तीस वर्षांचा, पुट्टी करायचा, घासायचा, कागद चिकटवायचा, पण वरचा शेवटचा हात चाळीस वर्षं इसूफचाच. उमरला कळलं तर तो आधी हातातली रंग फवारायची गन काढून घेईल. भांडून नाही, मायेनं घेईल, आणि तेच वाईट. मग दारात खुर्ची टाकून बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला आवाजावरून ओळखायचं. त्या विचारानं इसूफला भीती वाटायची, चांगली घाम फोडणारी भीती.

उमर केमला गेला होता, बायकोला, यास्मीनला, माहेराहून आणायला. दुपारच्या गाडीनं निघून साडेचारपर्यंत घरी. म्हणजे त्याच्या आत फुलं मिटवायची.

इसूफनं बादली भरली, पॉलिश पेपर भिजवला आणि घासायला लागला. एक फूल गेलं की दुसरं हाताला लागायचं. काठावर जरा जास्त जोर लागला आणि खालचं फायबर उघडं पडलं. तिथं पुट्टी, प्रायमर, पुन्हा घासणं. दीड वाजता त्यानं रंग कालवला. या वेळी हार्डनर घसघशीत ओतला, जे होईल ते होवो.

आता त्या गल्लीतला शेंबडा पोरगाही तुम्हाला सांगेल की माग चालू असताना वरचा रंग मारायचा नसतो. हवेत सुताची तूस उडत असते, ओल्या रंगावर बसते. माग बंद असतील त्या दिवशी, जमिनीवर पाणी मारून, मगच गन धरायची. हा नियम इसूफनंच उमरला शिकवला होता. पण आज खडखडाट चालू असतानाच त्यानं गन उचलली. दुसरं करणार काय?

त्याची बायको अकबरी चहा घेऊन आली, ती उंबऱ्यावरच थांबली. त्यांचं आपसात दखनीत चालायचं, मी आपलं मराठीत सांगतो.

"अहो, ह्याच्यावर लव उगवलीय की."

"कुटं?"

"ही काय, हितं."

इसूफनं हात नेला तो भलतीकडंच. अकबरीनं त्याचं मनगट धरलं, हळूच त्या जागेवर नेऊन ठेवलं. मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"कधीपासनं?"

"चहा ठेव आन् जा."

ती गेली नाही. डोळे पुसून पदर खोचला आणि म्हणाली, "मी सांगते, तुमी मारा."

पुन्हा घासलं, पुन्हा रंग कालवला. "डावीकडं," अकबरी सांगायची, "अजून डावीकडं. आता खाली. थांबा." पण तिनं जन्मात गन धरलेली नाही, तिचं थांबा यायचं तेव्हा रंग जास्त झालेला असायचा. ओघळ खाली उतरायचा. ती फडक्यानं पुसायला जायची आणि फडक्याचा वळ उठायचा. इसूफ चिडला, तिला नाही नाही ते बोलला. ती पुन्हा डावीकडं, उजवीकडं सांगत राहिली. माग खडखडत होते, तूस उडत होती. शेवटी त्यानं गन खाली ठेवली आणि ओल्या जमिनीवर बसला. त्याला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती.

उमर आला तो तसाच, खांद्याला पिशवी. यास्मीनला घरात पाठवून तो टपाभोवती एक चक्कर मारून आला. बापाकडं बघितलं, आईकडं बघितलं. आणि तेवढ्यात बाहेर मानसिंगरावांचा हॉर्न वाजला. पाचला दहा कमी.

मानसिंगराव आत आले आणि टपासमोर उभेच राहिले. ओघळ, वळ, लव, आणि मधेच एका कोपऱ्यात राहिलेलं अर्धं फूल.

"हे काय, इसूफभाई?"

"माझ्या हातनं झालं, दादा," उमर म्हणाला. "अब्बा न्हवते हितं. मी घाई केली."

इसूफनं मान आवाजाकडं वळवली. म्हणजे पोराला डोळ्यांचं ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे.

"तुझ्या हातनं?" मानसिंगरावांचा आवाज चढला. "चाळीस वर्सं बापानं नाव कमावलं आन् तू हे दिवे लावलेस? आमच्याकडच्या समद्या गाड्या हितंच येत्यात, ती माझ्या शब्दावर. आता एकेकाला सांगतो, ह्या पोराच्या हातात गाडी देऊ नका म्हणून. इसूफभाई, ह्येला परत गन धरू देऊ नका."

उमर मान खाली घालून ऐकत होता. इसूफनं गप्प बसायचं, एवढंच काम होतं. गप्प बसला की गन त्याचीच. उद्या पोराला तालुक्यात कुणी उभं करणार नाही, पण गन त्याची. इसूफ भिंतीला हात लावत उठला.

"मी क्येलं," तो म्हणाला.

"आँ?" मागांच्या आवाजात मानसिंगरावांना ऐकू आलं नाही.

आता एकदा बोलून झालं होतं, ते विरूनही गेलं असतं. अकबरीनं तोंडाला पदर लावला. इसूफनं छाती भरून श्वास घेतला आणि मागांच्या खडखडाटाच्या वर आवाज काढून ओरडला.

"मी क्येलं! मला दिसत न्हाय, मानसिंगराव! दोन वर्सं झाली, मला दिसत न्हाय!"

शेजारच्या शेडमधून हेमावतीनं डोकं बाहेर काढलं. मानसिंगरावांनी नुसतीच टोपी काढून पुन्हा घातली. इसूफनं खाली वाकून गन चाचपली, नळी धरून वर ओढली आणि उमर असेल त्या दिशेला हात पुढं केला. हात चुकला, उमरच्या बाजूनं गेला. उमर दोन पावलं सरकला आणि त्या हातासमोर येऊन उभा राहिला.